जंबूकाका पुढच्या आठवड्यात का आला नाही?

प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावर वसलेल्या संगमनेरला लोकांना हसवण्याची विद्या नवी नाही. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) इथलेच. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांच्या तमाशाच्या फडाचं नावही याच गावाशी जोडलेलं. कांताबाईंचं निधन २०२१ मध्ये संगमनेरातच झालं. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी सोंगाड्या म्हणून महाराष्ट्रभर नाव कमावलं. तमाशात गण संपून गवळण सुरू झाली की मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी येतात, मावशी येते, आणि कृष्णाच्या मागे लंगडत, बोबडं बोलत पेंद्या येतो. वाट अडवली जाते, मावशी पदर खोचून भांडायला उभी राहते, पेंद्याच्या डोक्यात टपली बसते आणि नेमकी त्याच वेळी ढोलकीवर थाप पडते. थाप जरा उशिरा पडली, तर टपली तीच आणि पेंद्याही तोच, पण हशा निम्म्यावर येतो.

मांजर उंदराच्या मागे धावतं, भिंतीवर आपटतं, पापडासारखं चपटं होतं आणि पुन्हा उठून धावू लागतं, त्या सात मिनिटांच्या कार्टूनचाही सगळा खेळ याच थापेवर चालतो. हा खेळ कसा बांधला जातो, त्यात माणसांऐवजी प्राणीच का घेतले जातात आणि सोंगाड्याची एवढी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात खोडकर प्राण्यांच्या कार्टूनची मालिका का उभी राहिली नाही, ते या प्रकरणात पाहू.

हशाची मोजपट्टी

चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रं पडद्यावरून जातात. प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. कॅमेऱ्यासमोर नट पडतो तेव्हा तो किती वेळात पडेल हे गुरुत्वाकर्षण ठरवतं. कार्टूनमध्ये ते चित्रकार ठरवतो. त्यामुळे विनोदाची वेळ फ्रेममध्ये मोजता येते. रोड रनर हा पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला कायोटी ही जोडी चक जोन्स यांनी १९४९ मध्ये पडद्यावर आणली. कायोटी कड्यावरून पडला की अठरा फ्रेममध्ये तो ठिपका होऊन दिसेनासा व्हायचा, आणि त्यानंतर चौदा फ्रेमनी तळाशी धुळीचा लोट उठायचा, असा हिशेब जोन्स यांनी सांगून ठेवला आहे. चौदा फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. एवढ्या वेळात प्रेक्षकाच्या मनात ‘आता आपटणार’ हा विचार पुरा होतो. लोट त्याआधी उठला तर प्रेक्षक तयार नसतो आणि फार उशिरा उठला तर तो कंटाळतो.

अशा प्रत्येक गमतीचे तीन भाग असतात : तयारी, तडाखा आणि थांबा. मांजर पुढे झेपावण्याआधी अंग मागे खेचतं, ही तयारी. ती नसेल तर पुढची झेप डोळ्यांना दिसतच नाही. तडाखा स्वतः फार थोड्या फ्रेमचा असतो. त्यानंतरचा थांबा मात्र लांब ठेवतात, कारण लोक तडाख्याला हसत नाहीत, तडाखा खाल्लेल्या चेहऱ्याला हसतात. कायोटी कडा ओलांडून हवेत उभा राहतो, खाली बघतो, आपल्याकडे बघतो आणि मगच पडतो. निसर्गाचा नियम मोडलेला असतो, पण विनोदाचा नियम काटेकोर पाळलेला असतो.

आवाजाचंही तसंच. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉल्ट डिस्नी यांचा ‘स्टीमबोट विली’ झळकला. त्यात मिकी उंदराची प्रत्येक हालचाल सुरावटीशी जुळवलेली होती. कार्टूनमध्ये संगीतकार आणि चित्रकार आधीच ठरवून घेत की, अमुक प्रसंगात बारा फ्रेमला एक ठोका. म्हणजे सेकंदाला दोन, मिनिटाला एकशे वीस ठोके. पाऊल, थप्पड, दार आपटणं, सगळं त्या ठोक्यांवर बसवलं जाई. तमाशात ढोलकीवाला नटाच्या अंगाकडे डोळे लावून बसतो आणि नट चुकला तर सावरून घेतो. कार्टूनमध्ये सावरायला कोणी नसतं. ठोका आधी ठरतो आणि चित्राला त्याच्यामागे जावं लागतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची कारणं मोजली आहेत. विकृत वेष आणि अलंकार, धार्ष्ट्य, लौल्य म्हणजे हावरटपणा, असंबद्ध बडबड, शरीरातलं व्यंग, दोषांचं प्रदर्शन. बडबड वगळली तर ही यादी ‘टॉम आणि जेरी’तल्या टॉम मांजराला जशीच्या तशी लागू पडते. फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ यांनी १९०० मध्ये हास्यावर लिहिलेल्या ग्रंथात आणखी एक अट घातली : हसण्यासाठी क्षणभर तरी मनातली कणव बाजूला ठेवावी लागते. ज्याच्याबद्दल जीव हळहळतो त्याच्या पडण्यावर हसू येत नाही. आणि इथेच प्राणी उपयोगी पडतो.

मार खायला मांजरच का?

माणूस जिन्यावरून पडला तर आपण हाड मोडलं का ते बघतो. चित्रातलं मांजर पडलं तर ते आता कोणत्या आकाराचं होणार याची उत्सुकता असते. ते घडी होईल, स्प्रिंगसारखं उसळेल, फुलदाणीत शिरून फुलदाणीच्या आकाराचं होईल. जखम नाही, रक्त नाही, पुढच्या दृश्यात मागच्याची खूण नाही. कणव जागी होण्याआधीच पात्र धडधाकट उभं असतं.

दुसरं कारण स्वभावाचं आहे. माणसाचं पात्र आलं की ते कोणत्या गावचं, कोणत्या घरचं, त्याला कोणी गांजलंय का, हे सगळं सांगावं लागतं. प्राणी आपला स्वभाव सोबत घेऊनच येतो. मांजर म्हटलं की लबाडी, उंदीर म्हटलं की चपळाई, कोल्हा म्हटलं की धूर्तपणा. पंचतंत्राने आणि आजीच्या गोष्टींनी ही ओळख आधीच करून दिलेली असते. सात मिनिटांच्या खेळात ओळख करून द्यायला वेळ नसतो, म्हणून ही आयती ओळख मोलाची ठरते.

तिसरं कारण निव्वळ व्यवहाराचं. विन्सर मॅके यांनी १९१४ मध्ये ‘गर्टी’ नावाची डायनोसॉर पडद्यावर नाचवली तेव्हा प्रत्येक चित्रात मागचे दगड-डोंगरही पुन्हा काढावे लागले. त्याच सुमारास पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर पात्र काढून ते एकाच पार्श्वभूमीवर ठेवण्याची युक्ती निघाली आणि काम हलकं झालं. तरीही हजारो वेळा तेच पात्र काढायचं तर ते सोपं हवं. काळंभोर गोल डोकं, गोल कान, रबरी नळीसारखे हातपाय, हातमोज्यात चार बोटं. पाचवं बोट गाळलं की हजारो रेघा वाचतात. फेलिक्स मांजर आणि मिकी उंदीर या काटकसरीतूनच घडले.

रस्त्याच्या दोन टोकांना

संगमनेर पुणे–नाशिक रस्त्यावर आहे आणि भारतीय कार्टूनच्या सुरुवातीच्या दोन महत्त्वाच्या घटना या रस्त्याच्या दोन टोकांना घडल्या.

उत्तरेच्या टोकाला दादासाहेब फाळके. चित्रपट काढायला भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी १९१२ मध्ये कुंडीत बी पेरून, रोज थोडं थोडं चित्रण करून, रोप डोळ्यांदेखत उगवताना दाखवणारा छोटा चित्रपट तयार केला. एक फ्रेम घ्यायची, थांबायचं, पुन्हा एक घ्यायची, हे अ‍ॅनिमेशनचं मूळ तत्त्व त्यात होतंच. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये झळकला आणि त्यानंतर फाळके आपला कारखाना घेऊन नाशिकला गेले. तिथल्या काळात, १९१५ मध्ये, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. निर्जीव काड्या आपणहून सरकतात, आकार घेतात, असा तो खेळ होता. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचा असाच चित्रपट केला होता. फाळक्यांनी ते तंत्र नाशिकात स्वतःच्या हातांनी उभं केलं.

दक्षिणेच्या टोकाला ‘प्रभात’. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या या कंपनीत रंगकाम, शिल्प, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, सगळे विभाग एका आवारात होते. ‘अमृतमंथन’ ज्या वर्षी आला त्याच १९३४ साली प्रभातने ‘जंबूकाका’ नावाचं कार्टून काढलं. करणारे रघुनाथ केळकर. आणि पात्र कोणतं? कोल्हा!

ही निवड अचूक होती. मराठी मुलखात कोल्हा घरचा आहे. तो काकडीच्या वाडीत आणि उसाच्या फडात शिरतो, म्हणीत ‘काकडीला राजी’ होतो, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची वाट अडवतो आणि फसतो. लबाडी करणारा आणि शेवटी स्वतःच तोंडघशी पडणारा प्राणी विनोदी कार्टूनला लागतोच. अमेरिकेला तो कायोटीत सापडला, तोही कोल्ह्याचाच भाऊबंद. पण कायोटी पडद्यावर यायला अजून पंधरा वर्षं होती.

त्या दोन-तीन वर्षांत देशभर असे प्रयत्न झाले. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये गुणमय बॅनर्जी यांनी केलेला ‘द पी ब्रदर्स’ १९३४ च्या जूनमध्ये प्रदर्शित झाला. मुंबईत मोहन भवनानी यांनी १९३५ मध्ये ‘लफंगा लंगूर’ काढला. त्याच्या नावातच खोडी आहे. पुढे १९३९ मध्ये जी. के. गोखले यांचा ‘सुपरमॅन्स मिथ’ आला. म्हणजे कोल्हा होता, माकड होतं, चित्रकार होते, स्टुडिओ होते, आणि हसायला तयार असलेला प्रेक्षक तर पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. तरी जंबूकाकाची मालिका झाली नाही, लफंग्या लंगुराचीही झाली नाही.

सात मिनिटांचा हिशेब

आपल्या लोकांना विनोदाचं वावडं होतं, असं कोणी म्हणणार नाही. तंत्र अवघड होतं हे खरं, पण ‘प्रभात’ने अवघड तंत्रं लीलया पेलली होती. खरं कारण हिशेबात सापडतं.

सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद. चोवीसने गुणलं तर १०,०८० फ्रेम. एक चित्र दोन-दोन फ्रेम वापरलं तरी पाच हजारांवर चित्रं होतात. आधी पेन्सिलने, मग शाईने, मग रंगाने. दोन पात्रं असतील तर काम आणखी वाढतं. एवढा खर्च एका लघुपटातून वसूल होत नाही. तो वसूल व्हायला तेच पात्र, तेच साचे आणि तेच शिकलेले हात घेऊन वर्षाला आठ-दहा लघुपट काढावे लागतात, आणि ते दाखवायला चित्रपटगृहात ठरलेली जागा लागते.

अमेरिकेत ती जागा होती. तिकीट काढलं की आधी बातमीपट, मग कार्टून, मग मुख्य चित्रपट, असा खेळ असे. मोठ्या कंपन्या स्वतःच्या चित्रपटगृहांत किंवा गठ्ठ्याने चित्रपट घेणाऱ्या मालकांकडे आपली कार्टूनं हमखास लावत. या हमीवर एम. जी. एम.मध्ये विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १० फेब्रुवारी १९४० रोजी ‘पस गेट्स द बूट’ आणला. त्यात मांजराचं नाव जास्पर होतं. जोडी चालली, ‘टॉम आणि जेरी’ असं बारसं झालं आणि १९५८ पर्यंत या दोघांनी ११४ लघुपट काढले. १९४३ ते १९५३ या काळात त्यांतल्या सात लघुपटांना ऑस्कर मिळाली. ‘द कॅट कॉन्सर्टो’मध्ये लिस्ट या संगीतकाराची रचना पियानोवर वाजवणारा टॉम आणि त्याच पियानोत झोपलेला जेरी, एवढ्यावर सगळी सात मिनिटं उभी आहेत. टॉमची ती गाजलेली किंकाळी खुद्द हॅना यांची. एवढी सफाई पहिल्या लघुपटात येत नाही. ती सात वर्षं तेच दोन प्राणी काढत राहिल्यावर येते.

आपल्याकडे मुख्य चित्रपटच गाण्यांसह अडीच-तीन तासांचा. त्याच्याआधी काही दाखवायला वेळ उरला तर तोही १९४३ मध्ये युद्धकाळातल्या नियमाने सरकारी प्रचारपटांसाठी राखून ठेवला गेला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि तिचे वार्तापट व माहितीपट दाखवणं चित्रपटगृहांना बंधनकारक झालं. कोल्ह्याला हवी असलेली सात-दहा मिनिटं धरणांच्या आणि लसीकरणाच्या चित्रणाला मिळाली. ते चित्रणही गरजेचं होतं, पण खोडकर प्राण्याची जागा गेली ती गेलीच.

उपदेश करणारे प्राणी

मग कार्टून सरकारच्याच छत्राखाली वाढलं. क्लेअर वीक्स हे डिस्नींच्या ‘बँबी’वर काम केलेले कलावंत १९५६ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात तरुणांना शिकवलं. राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९५७ मध्ये या विभागाने ‘द बन्यन डीअर’ हा जातककथेवरचा चित्रपट केला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या वळणाची रेषा आणि दुसऱ्यासाठी स्वतःचा जीव देऊ करणारा मृगराज. देखणं काम होतं, मात्र त्यात कोणी कुणाला टपली मारत नव्हतं.

१९७४ मध्ये विजया मुळे आणि भीमसेन यांनी ‘एक अनेक और एकता’ केला. दूरदर्शनवर तो इतक्यांदा लागला की एका पिढीला तोंडपाठ झाला. संगीत वसंत देसाई यांचं. जाळ्यात अडकलेले पक्षी जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते कुरतडतात, ही पंचतंत्रातली गोष्ट त्यात आहे. उंदीर इथे खोडकर नाही, मदतनीस आहे. सरकार पैसे देणार तर प्राण्याने काहीतरी शिकवलंच पाहिजे, हा अलिखित करार त्यात दिसतो. फटफजितीच्या कार्टूनला शिकवण नको असते. उलट, शिकवण आली की त्याची थाप चुकते.

हमी गेली की काय होतं

हा निष्कर्ष अमेरिकेवरूनही तपासून पाहता येतो. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट गठ्ठ्याने माथी मारण्याच्या पद्धतीवर घाव घातला आणि चित्रपटगृहं कंपन्यांपासून सुटी होऊ लागली. टीव्ही आला, प्रेक्षक घटले, कार्टूनची हमखास जागा गेली. एम. जी. एम.ने १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला. टॉम-जेरी तेव्हाही लोकप्रिय होते, पण ऑस्करांनी पगार निघत नाहीत.

हॅना-बार्बेरा टीव्हीकडे वळले आणि कमी चित्रांत काम भागवू लागले. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर का असते? कॉलरखालचं धड तसंच ठेवून फक्त डोकं बदलता यावं म्हणून! हालचाल कमी झाली तशी बडबड वाढली. पूर्वी अंगाने होणारा विनोद आता तोंडाने होऊ लागला.

याचा उलटा फायदा आपल्याकडे दिसला. नव्वदच्या दशकात केबल आणि कार्टून वाहिन्या तालुक्याच्या गावांत पोचल्या तेव्हा सगळ्यांत आधी रुजले ते जुने, जवळपास मुके टॉम आणि जेरी. त्यांना भाषांतर लागत नव्हतं. मांजर दारावर आपटलं हे संगमनेरच्या पोराला आणि शिकागोच्या पोराला एकाच क्षणी कळतं. चाळीसच्या दशकात केलेला कष्टाचा हिशेब पन्नास वर्षांनीही वसूल होत राहिला. त्या जागी आपला जंबूकाका असता तर त्यालाही भाषेची अडचण आली नसती.

आता अडचण कोणती?

आता चित्रपटगृहाची हमी लागत नाही, सेल्युलॉइड लागत नाही आणि सरकारी परवानगीही लागत नाही. लागतो तो घरातला मोबाइल. म्हणून हे प्रकरण वाचणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती.

पोळ्याला मातीचे बैल करतात तशाच मातीचा एक कोल्हा आणि एक उंदीर करा. मोबाइल हलणार नाही असा पुस्तकांच्या चळतीला टेकवा. एका सेकंदाला बारा फोटो धरा, म्हणजे दहा सेकंदांना एकशे वीस. प्रत्येक फोटोनंतर पात्र बोटभर नव्हे, जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकवा. फोटो ओळीने जोडणारी अ‍ॅप फुकट मिळतात. कोल्हा झेपावण्याआधी त्याला चार फोटो मागे खेचा, आपटण्याला दोनच फोटो द्या आणि आपटल्यावर बारा फोटो तसाच ठेवा. मुलांना दाखवा. कुठे हसली आणि कुठे नाही, ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तेवढेच फोटो कमी-जास्त करा. अपूर्णांक, वेग, गुरुत्वाकर्षण आणि नाट्यशास्त्र एका बैठकीत शिकवणारा यापेक्षा स्वस्त प्रयोग शाळेला मिळणार नाही.

एकच पथ्य पाळा. एक लघुपट करून थांबू नका. तोच कोल्हा आणि तोच उंदीर घेऊन पुढच्या शनिवारी दुसरा करा, त्यापुढच्या शनिवारी तिसरा. आपल्याकडे विनोदाची, चित्रकारांची किंवा गोष्टींची वाण कधीच नव्हती. कमी पडला तो फक्त पुढचा भाग.